स्कॅलप्ड हॅमरहेड आणि ग्रेट हॅमरहेड

हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कांना मराठीत कानमुशी म्हणतात. त्यांपैकी स्कॅलप्ड हॅमरहेड (स्फिर्ना लेविनी) आणि ग्रेट हॅमरहेड (स्फिर्ना मोकारान) या दोन जातींची गल्लत नेहमी होते. दोन्ही उष्ण समुद्रांत राहतात आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत २०१९ पासून दोन्ही ‘अतिसंकटग्रस्त’ आहेत.

ओळख : पूर्ण वाढलेल्या ग्रेटच्या डोक्याची पुढची कड जवळजवळ सरळ असून तिच्या मधोमध एक खाच असते. स्कॅलप्डची कड कमानदार असते. मधल्या खाचेशिवाय दोन्ही बाजूंना आणखी खाचा असल्याने ती शिंपल्याच्या काठासारखी दिसते. मात्र ग्रेटच्या पिल्लांचे डोकेही कमानदारच असते, त्यामुळे नुसते डोके पाहून ठरवणारा फसतो. पर पाहणे अधिक खात्रीचे. ग्रेटचा पाठीवरचा पहिला पर खूप उंच व कोयत्यासारखा वळलेला असतो आणि पोटाखालच्या परांची मागची कड आत वळलेली असते; स्कॅलप्डमध्ये ही कड सरळ असते. ग्रेटचे दात ठळक करवती असतात.

जीवनक्रम : ग्रेट ६ मीटरपर्यंत वाढू शकतो, एकटा फिरतो आणि पाकट आवडीने खातो. तो बराच वेळ ५० ते ७५ अंश कलून पोहतो. तसे केल्याने उंच पर पंखासारखा उचल देतो आणि श्रम वाचतात. स्कॅलप्ड सहसा ३ मीटरच्या आतला. पूर्व प्रशांत महासागरातील गालापागोस, कोकोस, मालपेलो या बेटांभोवती दिवसा त्याचे शेकड्यांचे थवे जमतात. हवाईजवळ तो रात्री ८०० मीटरहून खोल बुडी मारतो आणि थंड पाण्यात अंग गार पडू नये म्हणून कल्ले मिटून घेतो. दोघेही पिल्लांनाच जन्म देतात. ग्रेटची मादी साधारण दोन वर्षांतून एकदाच विते.

धोके : थव्याने राहणाऱ्या स्कॅलप्डचे एका जाळ्यात मोठे नुकसान होते. गळाला लागल्यावर दोन्ही जाती जीव तोडून झगडतात, रक्तात आम्ल साचते आणि सोडून दिलेला मासाही पुढे मरू शकतो. म्हणून झुंज लांबवू नये, माशाला पाण्याबाहेर ओढू नये आणि गळ काढत न बसता दोर तोंडाजवळ कापावा. परांसाठी होणारी शिकार हे ऱ्हासाचे आणखी एक मोठे कारण. २०१३ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात (व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींच्या यादीत) दोघांचा समावेश झाला. तो सप्टेंबर २०१४ पासून लागू आहे.

स्कॅलप्डशी आणखी गल्लत होणारी जात म्हणजे २०१३ मध्ये वर्णन झालेला कॅरोलिना हॅमरहेड (स्फिर्ना गिल्बर्टी). बाहेरून दोघे सारखेच, फरक मणक्यांचा. शेपटीच्या पराआधी स्कॅलप्डला ९२ ते ९९, तर याला ८३ ते ९१ मणके असतात. पश्चिम अटलांटिकमधील स्कॅलप्डच्या जुन्या नोंदींत हा मिसळलेला असू शकतो, त्यामुळे तिथे नुसत्या नजरेने केलेली मोजणी पुरत नाही, डीएनए तपासावा लागतो.