रोलर कोस्टर आखणी (संगणकीय खेळांतील)

मनोरंजन उद्यान उभारण्याच्या संगणकीय खेळात रोलर कोस्टरचा ट्रॅक असा आखणे, की गाडी हिसका न देता धावेल आणि बघणाऱ्याला हा कोस्टर प्रत्यक्षातही उभा राहू शकेल असा भरवसा वाटेल. खेळाडू अशा ट्रॅकला ‘स्मूथ’ म्हणतात. उंची, वेग आणि लूपची (गाडीला उलटी करून आणणाऱ्या उभ्या वेढ्यांची) संख्या वाढवणे कोणत्याही खेळात सोपे असते. अवघड असते ते सरळ ट्रॅकवरून वळणात शिरणे आणि वळणातून पुन्हा सरळ ट्रॅकवर येणे. आखणीचे जवळजवळ सगळे कसब या सांध्यांमध्ये आहे.

क्रिस सॉयर यांचा ‘रोलरकोस्टर टायकून’ १९९९ मध्ये आला. तो बहुतांशी असेंब्ली भाषेत, म्हणजे यंत्राच्या सूचनांच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहिलेला असल्यामुळे त्या काळच्या साध्या संगणकावरही माणसांनी गजबजलेले उद्यान सुरळीत चालायचे. त्यातला ट्रॅक तयार तुकड्यांचा असतो: चढ २५ किंवा ६० अंशांचे, वळणे ठरलेल्या मापांची. बहुतेक कोस्टरांत सपाट तुकड्याला थेट ६० अंशांचा चढ जोडता येत नाही, मध्ये जोडतुकडा घालावाच लागतो. कलत्या वळणाआधीही तेच. बाजूने बसणारा जोर मर्यादेबाहेर गेला की कोस्टरचे गुण घसरतात, म्हणजे आखणीतली चूक लगेच अंगाशी येते. २००१ चा ‘नोलिमिट्स’ आणि २०१६ चा ‘प्लॅनेट कोस्टर’ यांत ट्रॅक हवा तसा वाकवता येतो. तिथे जोडतुकड्याची सक्ती नाही, त्यामुळे ती शिस्त खेळाडूला स्वतः पाळावी लागते.

या सांध्यांचे महत्त्व कळायला विदर्भातल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. अकोला–खंडवा हा जुना मीटरगेज मार्ग मेळघाटाच्या डोंगरात धूळघाटजवळ पूर्ण वेढा घेऊन स्वतःचेच रूळ ओलांडत असे. डोंगर तर चढायचा, पण आगगाडीला उभा चढ झेपत नाही. म्हणून मार्गाची लांबी वाढवून चढ सौम्य केलेला. रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे वळण एकदम सुरू होत नाही. सरळ रुळानंतर वक्रता थोडीथोडी वाढवत नेतात, त्याच मापाने बाहेरचा रूळ उचलत नेतात, आणि मगच एकसारखे गोल वळण लागते. लांबीच्या प्रमाणात वक्रता वाढत जाणाऱ्या अशा रेषेला गणितात क्लोथॉइड म्हणतात. कोस्टरमधली हेलिक्सही धूळघाटसारखाच वेढा असते. फरक इतकाच, की आगगाडी इंजिनाच्या जोरावर वर चढते आणि कोस्टरची गाडी आधी मिळालेली उंची खर्च करत खाली येते.

वेग आणि कल : घर्षण बाजूला ठेवले तर गाडीचा वेग ती किती मीटर उतरली एवढ्यावरच ठरतो, तिच्या वजनावर नाही. ५ मीटर उतरली की ताशी सुमारे ३६ किलोमीटर, १० मीटरला ५०, २० मीटरला ७१, ४० मीटरला १०१. वेग दुप्पट हवा तर उतार चौपट लागतो. आडव्या वळणात बाजूला पडणारा जोर काढण्याची रीतही सोपी आहे: उतरलेल्या मीटरांची दुप्पट करायची आणि तिला वळणाच्या त्रिज्येने भागायचे, उत्तर गुरुत्वाच्या पटीत, म्हणजे ‘जी’मध्ये मिळते. २५ मीटर उतरून २५ मीटर त्रिज्येचे वळण घेतले तर २ जी. ट्रॅक सपाट ठेवला तर शेजारी बसलेले दोघे एकमेकांवर आदळतील. तोच ट्रॅक सुमारे ६३ अंश कलवला की बाजूचा जोर उरत नाही. तो आणि शरीराचे वजन मिळून सुमारे २.२ जीचा दाब सरळ सीटवर पडतो, आणि हा दाब माणूस आनंदाने सोसतो. त्रिज्या ५० मीटर घेतली तर ४५ अंश पुरतात.

कल किती द्यायचा हे गणित सांगते. तो कुठून सुरू करायचा हे नजरेला शिकावे लागते. यात्रेत ‘मौत का कुआँ’ पाहताना मोटारसायकलवाल्याच्या हातांपेक्षा खालच्या तिरप्या फळ्यांकडे बघावे. तो आधी त्या पट्ट्यावर फेऱ्या मारून वेग घेतो आणि मगच उभ्या भिंतीवर जातो. तो पट्टा नसेल तर जमिनीवरून भिंतीवर जायला वाटच नाही. ट्रॅकवरही कल आणि वक्रता सोबतच वाढल्या पाहिजेत. कल किंचित आधी सुरू झाला तर चालते, पण मागे राहिला तर वळणाच्या तोंडाशीच धक्का बसतो. शिवाय ट्रॅक रुळांभोवती पिळला तर प्रवाशाचे डोके बाजूला फेकले जाते. त्यामुळे पीळ छातीच्या उंचीवरच्या काल्पनिक रेषेभोवती द्यावा लागतो. खेळाडू तिला हार्टलाइन म्हणतात. ‘नोलिमिट्स’मध्ये हे अंतर आकड्यात भरता येते.

टेकड्यांनाही वळणाचेच गणित लागू पडते. पहिल्या शिखरापेक्षा १० मीटर खाली असलेल्या टेकडीच्या माथ्याची त्रिज्या २० मीटर ठेवली तर तिथे वजन शून्य होते आणि अंग सीटवरून सुटते. यालाच एअरटाइम म्हणतात. माथा याहून अरुंद केला की पट्टा मांड्यांना ओढून धरतो. थोड्या प्रमाणात ते हवेसे असते, पण अनेक जण प्रत्येक टेकडीवर तेच करतात आणि कोस्टर नासवतात.

लूप : पूर्ण गोल लूप कागदावर सुरेख दिसतो आणि प्रवाशाला भारी पडतो. माथ्यावर गाडी कशीबशी ट्रॅकला चिकटून राहील इतकाच वेग दिला, तरी तळाशी ६ जी भरतात. आणि सरळ ट्रॅक संपताच १ जीवरून एकदम ६ जीवर उडी बसते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ मध्ये आलेल्या ‘फ्लिप फ्लॅप’चा लूप असाच गोल होता आणि तो प्रवाशांच्या मानेवर बेतणारा ठरला. जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी कॅलिफोर्नियातल्या १९७६ च्या ‘रिव्होल्युशन’साठी खाली मोठ्या आणि वर लहान त्रिज्येचा, थेंबासारखा लूप आखला. आजचे बहुतेक उभे लूप याच जातीचे आहेत, म्हणून खेळातही गोल लूप दिसला की तो नवख्याचा आहे हे ओळखू येते.

प्रत्यक्ष काम करताना आधी लांब तुकड्यांनी पूर्ण मार्ग टाकावा. लहान तुकडे जोडत गेले की जागोजागी गाठी पडतात. ‘प्लॅनेट कोस्टर’मधले स्मूथिंगचे साधन या गाठी सोडवते, पण ते टेकडीचा माथा खाली बसवते आणि लूपचा आकारही बदलते, सगळ्या ट्रॅकवर एकदम फिरवण्यापेक्षा सांध्यापुरते वापरलेले बरे. मग चाचणी गाडी सोडून जोर दाखवणारे ट्रॅकवरचे रंग किंवा आलेख पाहावेत. आलेखातले शिखर उंच असले तरी हरकत नाही, त्याची बाजू भिंतीसारखी उभी नसावी. ‘नोलिमिट्स’चे जाणकार तर उलट्या दिशेने जातात: प्रवाशाला कोणत्या क्षणी किती जोर बसावा हे आधी ठरवतात आणि त्यावरून ट्रॅकचा आकार काढतात. सर्वांत गुळगुळीत ट्रॅक याच रीतीने बनतात.

खरेपणा ट्रॅकपाशी संपत नाही. चढावर साखळी लागते. दोन गाड्या असतील तर मार्गाचे ब्लॉक पाडून एका ब्लॉकमध्ये एकच गाडी ठेवावी लागते. खांब जमिनीपर्यंत पोचावे लागतात आणि प्रवाशाचा हात कुठेही त्यांना लागता कामा नये. जमिनीचा उतारही हिशेबात धरावा लागतो. लोणारच्या विवराचा काठ खेळात उभा करून तिथून तळापर्यंत सरळ उडी घ्यायचा मोह होईल. विवर जवळपास १५० मीटर खोल आहे. एका दमात उतरले तर वेग ताशी १९० किलोमीटरच्या पुढे जातो आणि तळाशी २ जीचे वळण घ्यायलाही १५० मीटर त्रिज्या लागते. तोच मार्ग उताराला बिलगून, वळणे घेत आणि मध्ये ब्रेक देत टप्प्याटप्प्याने उतरवला तर कोस्टर खरा वाटतो आणि काठाची झाडीही जवळून दिसते.

‘प्लॅनेट कोस्टर’ला चांगले ग्राफिक्स कार्ड लागते, आणि खेड्यातल्या घरात तसा संगणक क्वचितच असतो. ‘रोलरकोस्टर टायकून क्लासिक’ मात्र २०१६ अखेरीस मोबाइलवर आला. मूळ खेळाच्या फाइली जवळ असल्या तर ‘रोलरकोस्टर टायकून २’ची ‘ओपनआरसीटी२’ ही मुक्त आवृत्ती जुन्या लॅपटॉपवरही चालते. लाईन गेली तरी काम अडत नाही: चौकटीच्या वहीत कोस्टरचा बाजूचा आराखडा काढावा, एक चौकट एक मीटर धरावी आणि प्रत्येक माथ्याशेजारी वेग लिहावा. ‘रोलरकोस्टर टायकून २’मधल्या एका ट्रॅकची फाइल काही केबींचीच असते, रेंज कमी असलेल्या गावातूनही ती मित्राला पाठवता येते.