उष्माघात कृती आराखडा, नागपूर

उष्णतेच्या लाटेआधी आणि लाटेदरम्यान महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाने करावयाच्या तयारीची योजना. विदर्भात ‘ऊन लागणे’, ‘लू लागणे’ हे बोलीतले शब्द जुने; ‘उष्माघात’ हा दप्तरी शब्द.

आराखडा साधारणतः २०१६ पासूनचा मानला जातो. त्याचे मूळ अहमदाबादेत. मे २०१० च्या लाटेत तेथे तापमान ४६.८ अंशांवर गेले आणि एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले; २०१३ मध्ये तेथील आराखडा आला. नागपूरने आसपासची शहरे जोडून घेतली, हे त्याचे वेगळेपण. पाणपोया, वाळ्याच्या ताट्या, कैरीचे पन्हे आणि नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) दुपारी घराबाहेर न पडण्याचा रिवाज यांतच आराखड्याची बीजे आहेत, असेही म्हटले जाते. ते अगदीच चुकीचे नाही. पण इशारा मिळताच कोणी काय करायचे हे आधी ठरवून ठेवणे हा आराखड्याचा गाभा रिवाजात नव्हता.

इशारा कोणत्या आकड्यावर द्यायचा, हा खरा तांत्रिक प्रश्न. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असल्यास उष्णतेची लाट, त्याहून जास्त फरक असल्यास तीव्र लाट. नागपुरात मे महिन्याची कमाल सरासरीच ४२ ते ४३ च्या आसपास. म्हणजे फरकाने मोजायचे तर पारा ४७ च्या घरात जाईपर्यंत थांबावे लागेल, आणि शहराचा उच्चांकच ४७.९ (मे २०१३) आहे. म्हणून मे महिन्यात येथे दुसरा निकष कामी येतो: ४५ ला लाट, ४७ ला तीव्र लाट. एप्रिलमध्ये, शरीर उन्हाला सरावलेले नसताना, फरकाचा निकष अधिक उपयोगी ठरावा.

मोजमापाचा वाद ३० मे २०२४ रोजी गाजला. रामदासपेठेतील कृषी विद्यापीठाच्या शेतावरील स्वयंचलित केंद्राने ५६, तर सोनेगावच्या केंद्राने ५४ अंश दाखवले. त्याच दिवशी खापरी व रामटेक येथील केंद्रे ४४ च्या आसपास होती. हवामान विभागाने संवेदकातील बिघाड हे कारण दिले, आणि शेजारच्या नोंदी पाहता तेच ग्राह्य वाटते. (समाजमाध्यमांवर ५६ चा आकडा तोवर देशभर फिरून आला होता.)

रुग्णालयातील निदानाचेही तसेच. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांवर आणि सोबत बरळणे, झटके किंवा बेशुद्धी, ही उष्माघाताची रूढ व्याख्या. काखेतला थर्मामीटर आतल्यापेक्षा कमी दाखवतो. त्यासाठी गुदमार्गाने मोजावे लागते. उष्माघाताच्या रुग्णांसाठी राखलेल्या शीतकक्षात कूलर, बर्फ आणि सलाईन तयार असते, पण हे साधे मोजमाप गर्दीत सुटू शकते. फुटपाथवर सापडलेल्या मृताबाबत तर शवविच्छेदनातही खास खूण मिळत नाही. त्यामुळे ‘संशयित’ आणि ‘निश्चित’ मृत्यूंचे आकडे जुळत नाहीत आणि वर्षावर्षांची तुलना जपूनच करावी लागते.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमातील कलम ४१ प्रमाणे कर्मचारी प्रशिक्षित आणि साधने वापरण्याजोगी ठेवणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. ती उन्हाळ्यापुरती नाही: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले.