हंपबॅक डॉल्फिन (कोकण किनारा)

तिमिगणातील (देवमासे व डॉल्फिन यांच्या गणातील) डेल्फिनिडी कुलाचा सागरी सस्तन प्राणी. शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया. मलबार किनाऱ्यावर मिळालेल्या नमुन्यावरून १८२९ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्ह्ये यांनी त्याचे वर्णन केले. दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या उथळ पाण्यात तो आढळतो. दापोलीजवळच्या मुरूड-कर्दे भागात किंवा तारकर्ली-देवबागला पर्यटकांना बोटीतून जे डॉल्फिन दाखवतात, ते बहुधा याच जातीचे असतात.

रंग शिशासारखा करडा, लांबी सुमारे २.५ मी. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटासा पर (पंखासारखा अवयव), ही त्याची ओळख. श्वासासाठी वर येताना आधी लांब तोंड तिरके बाहेर निघते, मग पाठ कमानीसारखी वळते आणि खोल बुडी मारायची असेल तर शेवटी शेपटी दिसते. बोटीपुढे उड्या मारत पोहणे त्याच्या स्वभावात फारसे नाही. बोट जवळ आली की तो बहुधा दिशा बदलतो किंवा बुडी मारतो. पर्यटकांना याचे नवल वाटते, पण तो प्राणी तेव्हा बोटीला टाळत असतो.

तो सहसा २५ मी.पेक्षा कमी खोलीच्या पाण्यात, किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यात राहतो. नदी समुद्राला मिळते तिथे मासळी भरपूर असल्याने खाड्यांची मुखे त्याला विशेष मानवतात. माणसाचा वावरही नेमका याच पट्ट्यात सर्वांत दाट आहे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे), गिलनेट (पाण्यात उभे सोडलेले जाळे), बंदरे, पर्यटकांच्या बोटी, शहरांचे सांडपाणी, सगळे इथेच. खोल समुद्रातल्या डॉल्फिनला बाजूला सरकायला जागा असते, याला ती नाही.

सर्वांत मोठा धोका जाळ्यांचा. नायलॉनचा बारीक धागा पाण्यात जवळजवळ दिसत नाही. जाळ्यातल्या बांगड्या-तारलीच्या मागे आलेल्या डॉल्फिनचा पर किंवा शेपटी त्यात अडकते, सुटण्यासाठी तो गिरक्या घेतो आणि जाळे आणखी आवळत जाते. फुप्फुसांनी श्वास घेणारा हा प्राणी मग पाण्याखालीच गुदमरून मरतो. उलट बाजूही खरी आहे. डॉल्फिन मासळी ओढताना जाळी फाडतात आणि त्याचा भुर्दंड लहान मच्छीमारालाच बसतो. त्याची तक्रार बाजूला सारून संरक्षणाच्या गप्पा करणे अन्यायाचे आहे. ट्रॉलर (जाळे ओढत नेणाऱ्या) आणि पर्ससीन (मोठ्या जाळ्याने थवा घेरणाऱ्या) नौकांच्या बेसुमार मासेमारीने दोघांच्याही वाट्याची मासळी घटते.

पर्यटनाचा ताण वेगळा. कळप दिसला की चार-पाच बोटी त्याला घेरतात. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो आणि शिट्ट्यांनी एकमेकांशी संपर्क ठेवतो, इंजिनांच्या गोंगाटात हे दोन्ही अवघड होते. मादी साधारण तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते आणि ते दोन वर्षे किंवा अधिक काळ आईबरोबर असते. त्यामुळे थोड्या माद्या दगावल्या तरी ती तूट भरून यायला फार काळ लागतो.

आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) लाल यादीत ही जात २०१७ पासून ‘संकटग्रस्त’ आहे. भारतात तिला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, त्याचे क्षेत्र अवघे २९ चौ. किमी.च्या आसपास असल्याने किनाराभर फिरणाऱ्या कळपांना ते पुरे पडत नाही. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात अधिक उपयोगी पाऊल पडले: अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला, छायाचित्र किंवा चित्रफितीचा पुरावा दिल्यास, २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. बोटींसाठीही ठोस नियम हवेत. अमेरिकेतील फ्लोरिडात मॅनाटी या संथ सागरी सस्तन प्राण्याला बोटींच्या धडका आणि पंख्यांचे घाव बसत, म्हणून तिथे वेग मर्यादित ठेवण्याचे पट्टे आखले आहेत. कोकणात निदान खाड्यांच्या मुखांशी असे पट्टे आखता येतील आणि ते कुठे असावेत हे तिथले मच्छीमार व बोटचालकच नेमके सांगू शकतील.