हेड गॅस्केटचे बळकटीकरण (टोयोटा ७एम-जीटीई)

टर्बोभारित एंजिनात सिलिंडर हेड व ब्लॉक यांच्यामधील सांधा ज्वलनदाबाखाली उघडू नये म्हणून करावयाची जुळणी. गॅरेजात याला ‘हेड पॅकिंगचे काम’ म्हणतात; मात्र नुसते पॅकिंग, म्हणजे सांधा गळू नये म्हणून मध्ये घातलेले पातळ गॅस्केट, बदलून सांधा बळकट होत नाही. याचे बहुचर्चित उदाहरण म्हणजे १९८६ पासून टोयोटा सुप्रा (ए७०) मोटारीत आलेले ७एम-जीटीई एंजिन : सरळ रांगेतील ६ सिलिंडर, २,९५४ घ. सेंमी., ओतीव लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड.

गॅस्केट का जाते, याविषयी मतभेद आहेत. मूळ आराखडा ॲस्बेस्टॉसयुक्त गॅस्केटसाठी होता, नंतर पदार्थ बदलला पण बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा पीळ) तोच राहिला, असे सांगितले जाते. याला लेखी आधार क्वचितच दिला जातो. दुसऱ्या मतानुसार कारखान्याचा सुमारे ७८ न्यूटन-मीटर टॉर्कच मुळात अपुरा होता. टर्बो नसलेल्या ७एम-जीई एंजिनातही हाच दोष आढळतो. त्यामुळे केवळ बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाला) दोष देता येत नाही आणि दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावणारे ॲल्युमिनियम प्रत्येक तापचक्रात गॅस्केट घासते, हेही कारण त्यात मिळते.

सिलिंडरचा व्यास ८३ मिमी. आहे. ज्वलनाचा कमाल दाब ८० बार धरल्यास एका सिलिंडरवर हेड उचलणारे बल सुमारे ४३ किलोन्यूटन, म्हणजे चार टनांहून अधिक होते. नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी, स्फोटासारखा पेट) झाल्यास दाब क्षणभर याच्याही वर उसळतो. हेड किंचित उचलले जाते आणि तप्त वायू गॅस्केटची कडा खातात.

दुरुस्तीत मूळ बोल्ट ठेवून टॉर्क ९८ ते १०२ न्यूटन-मीटरपर्यंत वाढवतात किंवा उच्चताण पोलादाचे स्टड (ब्लॉकमध्ये रोवून वरून नट आवळण्याचे आटेदार दांडे) बसवतात. स्टडसाठी उत्पादकाने दिलेलाच टॉर्क व वंगण वापरावे, कारण टॉर्कचा बहुतांश भाग घर्षणातच जातो आणि वंगण बदलले की तोच आकडा वेगळा ताण देतो. आटे साफ करावेत. तळ बंद असलेल्या छिद्रात तेल किंवा पाणी राहिले तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो. आवळणी मधून बाहेर, तीन टप्प्यांत करतात. जुन्या, गळक्या गॅस्केटवर बोल्ट पुन्हा आवळून काम भागत नाही.

बहुस्तरीय पोलादी गॅस्केट टिकाऊ खरे, पण पृष्ठभागाच्या बाबतीत हट्टी. हेड व ब्लॉक दोन्हींचे फेसिंग (यंत्रावर पृष्ठभाग सपाट कापणे) करून खडबडीतपणा साधारण ०.७५ मायक्रॉन आरए (सरासरी खडबडीतपणाचे माप) किंवा त्याहून कमी आणावा लागतो. एंजिन गाडीतच ठेवून ब्लॉकवर घासकागद फिरवला की काम बिघडते. संपीडन कमी करण्यासाठी जाड गॅस्केट घालण्याची प्रथा आहे. ०.८ मिमी. जाडी वाढल्यास मूळ ८.४ : १ गुणोत्तर ८ च्या जरा खाली येते, पण पिस्टन व हेड यांच्यातील चिंचोळी फट रुंदावते, इंधन-हवेचे मिश्रण नीट घुसळले जात नाही आणि नॉकिंगची प्रवृत्ती उलट वाढू शकते. म्हणून फेसिंगमध्ये गेलेल्या धातूची भरपाई होईल इतकीच जाडी घेणे बरे.

शर्यतीच्या गाड्यांत तांब्याचे गॅस्केट आणि ब्लॉकमधील खाचेत सुमारे ०.२ मिमी. वर राहणारी पोलादी तार वापरतात. वायू अडतो, पाणी मात्र झिरपते.

इंधन व प्रज्वलनाची वेळ न सुधारता सांधा बळकट केला, तर नॉकिंगचा पुढचा घाव पिस्टनच्या रिंगांमधील कडांवर बसतो.