ताणल्यावर फारसा विरोध न करणाऱ्या रबराची पार्श्वभूमी

साधं रबर जितकं ओढाल तितका ताण वाढत जातो. द्रवस्फटिकी रबर, म्हणजे ज्याच्या जाळ्यात एका दिशेत राहणारे लांबट रेणू गुंफलेले असतात ते, या रेणूंच्या दिशेला काटकोनात ओढलं, तर ताणाचा आलेख थोडा चढतो, मग बरंच अंतर जवळजवळ आडवा जातो आणि शेवटी पुन्हा चढतो. हा आडवा पट्टा समजून घ्यायला कित्येक वर्षं लागली.

द्रवस्फटिक, म्हणजे द्रवासारखे वाहणारे पण रेणू एका दिशेत राखणारे पदार्थ, १८८८ पासून ठाऊक होते. त्यांचे लांबट रेणू रबराच्या लांब साखळ्यांच्या जाळ्यात गुंफले तर काय घडेल, याचा विचार फ्रान्समध्ये पिएर-जिल द जेन यांनी १९७५ मध्ये मांडला. १९८१ मध्ये जर्मनीत हाइनो फिंकेलमान आणि सहकाऱ्यांनी तसं रबर बनवलं. पण त्यात रेणूंचे असंख्य बारीक गट होते आणि प्रत्येकाची दिशा वेगळी, त्यामुळे ते दुधी दिसे. खरी कलाटणी १९९१ ची. क्युप्फर आणि फिंकेलमान यांनी जाळं अर्धवट जोडलं, वजन लावून ताणलं आणि त्याच स्थितीत उरलेले दुवे पक्के केले. सगळे रेणू एका दिशेत आले, रबर पारदर्शक झालं.

सिद्धान्त तोवर पुढे गेला होता. गोलुबोविच आणि लुबेन्स्की यांनी १९८९ मध्ये, तर केंब्रिजच्या मार्क वॉर्नर यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवलं की आदर्श स्थितीत ऊर्जा न लागता आकार बदलू शकतो. रेणू ओढण्याच्या दिशेकडे वळतात आणि साखळ्यांना आपली ठेवण मोडावी लागत नाही. १९९५ मध्ये कुंडलर आणि फिंकेलमान यांना ताणलेल्या पट्टीत बारीक पट्टे दिसले. शेजारच्या पट्ट्यांत रेणू एकमेकांविरुद्ध दिशांना वळत होते.

मात्र प्रत्यक्षात वळणं सुरू व्हायला किमान ताण लागतोच. जाळं पक्कं होतानाची दिशा त्यात कोरलेली राहते. मला या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आदर्श रबर फुकट वाकलं असतं, पण मग त्याला परत ओढणारं बलही उरलं नसतं. भार काढल्यावर तुकडा पूर्ववत होतो तो या अपूर्णतेमुळेच.

जाळं कधी जोडलं, याचा परिणाम क्योतोच्या उरायामा यांच्या गटाने २००९ मध्ये स्पष्ट केला. बहुदिश रबर, म्हणजे वेगवेगळ्या दिशांच्या गटांचं ते दुधी रबर, द्रवस्फटिकी अवस्थेत जोडलं तर ताणायला कडक निघतं. तेच गरम, विस्कळीत अवस्थेत जोडलं तर कितीतरी मऊ.

यात वेगाचाही हिशेब आहे. रेणूंना वळायला वेळ लागतो. झटकन ओढलं तर रबर कडक वाटतं, आणि सोडल्यावर आलेख गेल्या वाटेने परतत नाही. दोन वाटांमधलं क्षेत्रफळ म्हणजे उष्णतेत गेलेली ऊर्जा. धक्के शोषणाऱ्या हेल्मेटच्या अस्तरासाठी आज या रबराचा अभ्यास होतो, तो याच गुणामुळे.