गिअरशिवाय आटे: लेथवरचा इलेक्ट्रॉनिक लीड स्क्रू

लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, आटे पाडायचे म्हणजे दोन हालचालींची सांगड घालायची. चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरलेला जॉब (घडवायचा तुकडा) एक फेरा फिरला की टूल बरोबर एका पिचइतकं, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधल्या अंतराइतकं, सरकलं पाहिजे. १.५ मिमी पिचचा आटा असेल तर दीड मिलिमीटर, ना कमी ना जास्त. आणि हे एकदा साधून भागत नाही. आटा एका कटमध्ये पूर्ण खोल होत नाही. टूल मागे आणून त्याच चरीतून पुन्हा पुन्हा न्यावं लागतं. सांगड जरा ढळली की टूल पहिल्या चरीच्या शेजारी उतरतं आणि जॉब भंगारात जातो.

ही सांगड गिअरनी बांधून देण्याची पद्धत हेन्री मॉडस्ले या इंग्रज यंत्रकाराने १८०० च्या सुमारास पक्की केली. चक फिरवणाऱ्या दांड्यापासून, म्हणजे स्पिंडलपासून, गिअरची साखळी लीड स्क्रू या लांब आटेदार दांड्यापर्यंत जाते आणि फिरत्या लीड स्क्रूला हाफ नटने (उघडमिट होणाऱ्या दुभंगलेल्या नटने) धरलं की टूल वाहून नेणारी कॅरेज सरकू लागते. पिच बदलायची तर गिअर बदलायचे. छंद म्हणून घेतलेल्या छोट्या लेथवर हे काम जिवावर येतं. कव्हर उघडा, तक्ता बघा, गिअर उतरवा, दुसरे चढवा, दात्यांमधली फट जुळवा. एवढं करून नेमकी हवी ती पिच तक्त्यात नसतेच.

त्यात इंच आणि मिलिमीटरचं जुनं भांडण. १९५९ पासून एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी. २५४ ला २ ने भागलं की १२७ उरतात आणि १२७ ही मूळ संख्या आहे. त्यामुळे एका मापाच्या लीड स्क्रूवर दुसऱ्या मापाचे आटे अचूक पाडायचे, तर साखळीत १२७ किंवा त्याच्या पटीत दाते असलेलं चाक लागतंच. छोट्या लेथमध्ये एवढं मोठं चाक मावत नाही, मग ६३ दात्यांवर भागवतात: १.२७ हवं असतं, ८०/६३ मधून १.२६९८ मिळतं. नटबोल्टला हे खुशाल चालतं. मीटरभर लांबीत मात्र साधारण सव्वाशे मायक्रॉनचा फरक पडतो.

इलेक्ट्रॉनिक लीड स्क्रू ही साखळी मधूनच तोडतो. स्पिंडलला दातेरी बेल्टने एन्कोडर, म्हणजे फिरलेला कोन मोजणारा सेन्सर, जोडायचा, लीड स्क्रूला स्टेपर (ठरावीक छोट्या स्टेपनी फिरणारी) किंवा सर्व्हो (स्वतःची जागा तपासत फिरणारी) मोटर बसवायची आणि दोघांच्या मधे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, ठेवायचा. गिअरचं गुणोत्तर आता धातूत नसतं, प्रोग्रॅममधल्या दोन आकड्यांत असतं.

इथे पहिल्यांदा सुचणारा उपाय चुकीचा आहे. स्पिंडलचा वेग मोजावा, त्यावरून मोटरचा वेग काढावा आणि मोटर त्या वेगाने चालवावी, असं वाटतं. पण टूल धातूत शिरलं की स्पिंडल किंचित मंदावतो, बाहेर पडलं की सावरतो. वेग मोजून, हिशेब करून, मोटरला कळवेपर्यंत स्पिंडल कुठल्या कुठे गेलेला असतो. गिअरला वेळेशी देणंघेणं नसतं, फक्त कोनाशी असतं. म्हणून या यंत्रणेचं घड्याळ म्हणजे स्पिंडलच. तो जितक्या अंशांनी फिरला, तितकंच मोटरने जायचं. हाताने चक मागे फिरवला तर कॅरेजही मागे आली पाहिजे.

त्यासाठी एन्कोडरमधून ए आणि बी असे दोन सिग्नल येतात, एकमेकांपासून पाव आवर्तन सरकलेले. कोणता आधी बदलला यावरून दिशा कळते. दोन्हींचे सगळे चढ-उतार मोजले तर १०२४ पल्सच्या एन्कोडरमधून फेऱ्याला ४०९६ नोंदी मिळतात.

आता हिशेब मांडू. लीड स्क्रूची पिच ३ मिमी आणि मोटरचा ड्रायव्हर फेऱ्याला १००० स्टेपवर लावलेला, म्हणजे एका स्टेपला कॅरेज ०.००३ मिमी सरकते. आपल्याला इंचाला २० आटे हवेत, म्हणजे पिच १.२७ मिमी. मग स्पिंडलच्या एका फेऱ्याला ४२३.३३३… स्टेप लागतात, आणि मोटर तर तृतीयांश स्टेप टाकू शकत नाही. ४२३ वर भागवलं तर दर फेऱ्याला एक मायक्रॉन कमी पडतो, पन्नास फेऱ्यांत ०.०५ मिमी. म्हणजे १२७ दात्यांच्या चाकापासून सुटका करून घेतली आणि तीच चूक दशांश चिन्हातून आत घेतली.

उपाय शाळेतल्या भागाकाराचाच आहे: बाकी फेकायची नाही. तीन फेऱ्यांचा विचार केला की अपूर्णांक उरत नाही. १२,२८८ नोंदींना नेमक्या १२७० स्टेप. म्हणून प्रोग्रॅममध्ये एक खातं ठेवायचं. एन्कोडरची नोंद आली की त्यात १२७० जमा करायचे. शिल्लक १२,२८८ किंवा अधिक झाली की एक स्टेप टाकायची आणि खात्यातून १२,२८८ वजा करायचे. दहाव्या नोंदीला शिल्लक १२,७०० होते: एक स्टेप, उरले ४१२. पुन्हा दहा नोंदींनी दुसरी, उरले ८२४. पुन्हा दहांनी तिसरी, उरले १२३६. चौथी स्टेप मात्र नवव्याच नोंदीला पडते, कारण साठलेली बाकी कामाला येते. दरवर्षीचा जादा पाव दिवस साठवून लीप वर्षात एक अख्खा दिवस द्यावा, तसंच हे. तीन फेऱ्यांनंतर खातं शून्यावर येतं, दिवसभर लेथ चालवला तरी चूक साठत नाही.

१९६२ साली आयबीएममध्ये जॅक ब्रेसनहॅम यांनी प्लॉटरवर (पेनाने रेघा काढणाऱ्या यंत्रावर) तिरकी रेघ काढण्यासाठी जी युक्ती शोधली, ती हीच. नुसती पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार नाहीत. गिअरच्या दात्यांचा सच्चेपणा सॉफ्टवेअरमध्ये उतरतो तो यामुळे, आणि या सगळ्या प्रकल्पातला मला सर्वांत देखणा वाटणारा भागही हाच.

कंट्रोलर मात्र चपळ हवा. ६०० आरपीएमला सेकंदाला ४०,९६० नोंदी येतात. १६ मेगाहर्ट्झच्या आर्डुइनो ऊनो या लोकप्रिय मायक्रोकंट्रोलर बोर्डला प्रत्येक नोंदीमागे घड्याळाचे ३९० ठोके मिळतात. पुरतात म्हणेपर्यंत स्क्रीनवर आकडे लिहायची वेळ येते आणि नोंदी निसटू लागतात. म्हणून एन्कोडरच्या नोंदी हार्डवेअरमध्येच मोजणारा काउंटर असलेली चिप घ्यावी. एसटीएम३२ आणि ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये तो असतो.

मोटरची अडचण वेगळ्या जातीची आहे. स्टेपर जसजसा जोरात फिरतो तसतसा त्याचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) घटतो. फिरत्या स्पिंडलवर अचानक आटे चालू केले तर त्याला शून्यावरून थेट हजारो स्टेपच्या वेगावर उडी मारावी लागते. ती जमली नाही तर तो निमूटपणे स्टेप सोडतो, कंट्रोलरला पत्ताही लागत नाही. म्हणून हाफ नट लावूनच स्पिंडल चालू करावा, म्हणजे चकच्या जडपणामुळे वेग सावकाश चढतो. परवडत असेल तर क्लोज्ड लूप, म्हणजे स्वतःची जागा तपासणारा, स्टेपर घ्यावा. तो मागे पडला की निदान अलार्म देतो.

जे बदलत नाही तेही सांगायला हवं. लीड स्क्रू आणि नटमधला प्ले (ढिलेपणा) तसाच राहतो, त्यामुळे प्रत्येक कट एकाच दिशेने यायला हवा आणि सुरुवात आट्याच्या थोडी अलीकडून करायला हवी. लीड स्क्रूच झिजलेला असेल तर त्याची झीज नव्या आट्यात उतरते. इमर्जन्सी स्विच मोटरची वीज थेट तोडणाराच असावा, कंट्रोलरच्या भरवशावर सोडू नये.

जोडणी झाली की धातू कापण्याआधी एक चाचणी घ्यावी. टूल जॉबपासून दूर ठेवायचं, चकवर आणि लीड स्क्रूवर मार्करने खूण करायची, चक हाताने वीस फेरे पुढे आणि वीस मागे फिरवायचा. दोन्ही खुणा जागेवर आल्या तर ठीक. चकची खूण आली पण लीड स्क्रूची नाही, तर स्क्रीनवरचा एन्कोडरचा आकडा बघायचा. तो सुरुवातीच्या आकड्यावर परतला असेल तर मोटर स्टेप सोडते आहे. परतला नसेल तर नोंदी गळताहेत किंवा जादा येताहेत. अशा वेळी एन्कोडरची वायर मोटरच्या वायरला चिकटून तर नेलेली नाही ना, हे आधी तपासावं.