काम चोख असलं की बढती आपोआप मिळते?

नागपुरात मिहान असो की हिंगणा एमआयडीसी, नव्यानं नोकरीला लागलेल्या पोरापोरींना घरून सल्ला ठरलेला: मान खाली घालून काम कर, साहेबांना सगळं दिसतं. हे अर्धंच खरं आहे.

मोठ्या कंपनीत बढतीची यादी ठरते तेव्हा खोलीत चार-पाच वरिष्ठ असतात, ज्याचं नाव चर्चेत आहे तो नसतो. नागपूरच्या शाखेतल्या माणसाबद्दल पुण्यात किंवा बंगळुरूत बसलेले लोक ठरवतात, त्यातल्या निम्म्यांनी त्याला पाहिलेलंही नसतं. तिथं कुणीतरी म्हणावं लागतं, ‘क्लायंटचं बिलिंग अडकलं होतं तेव्हा हिनंच सोडवलं. टीम हिला द्या, जबाबदारी माझी.’ हा स्पॉन्सर. मेंटॉर तुम्हाला सल्ला देतो. स्पॉन्सर तुमच्यासाठी स्वतःची पत पणाला लावतो.

‘म्हणजे वशिलाच की!’ असं लगेच म्हटलं जातं. नाही. वशिल्याला काम लागत नाही. इथं तुम्ही कच्चे निघालात तर शब्द टाकणाऱ्याचंच हसं होतं, म्हणून तो आधी काम पारखतो.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत दाखवलं, की बायकांना मार्गदर्शक भरपूर मिळतात, पण पुरुषांच्या तुलनेत स्पॉन्सर कमी. आणि बढतीत मागं पडण्याचं ते मोठं कारण आहे. मला हे फार लागतं.

त्या खोलीत कोण बसतं ते विचारा. आपलं काम त्यांच्यापर्यंत नेमक्या शब्दांत पोचवा, पुढची कोणती जबाबदारी हवी तेही सांगा. आणि वरिष्ठहो, पुढच्या बैठकीत तिचं नाव तुम्ही घ्या.